आत्याचा तंबोरा आणि लाखेची झिलई

दिवाळी आठ दिवसांवर आली की आमच्या घरी घासण्यापुसण्याचे जे पर्व सुरू होते, त्याच्या तडाख्यातून कोणतीही वस्तू सुटत नाही. समया चिंचेने घासल्या जातात, दाराच्या कड्या उजळतात, देव्हाऱ्यातील बाळकृष्ण लिंबाच्या सालीने न्हाऊन निघतो. यंदा या उत्साहात माझी पुतणी एक बाटली आणि एक फडके घेऊन माझ्यापुढे उभी राहिली. एका हातात तिची गिटार होती. दुसऱ्या हाताने ती कोपऱ्यातील तंबोऱ्याकडे बोट दाखवीत होती.

"काका, गिटारला पॉलिश करतेच आहे, तर आत्याआजीच्या तंबोऱ्यालाही करून टाकू का? बघा की, किती मळकट दिसतोय!"

मी खुर्चीवरून असा काही उठलो की पोरगी दचकून दोन पावले मागे सरली. "तंबोऱ्याला हात लावू नकोस!" असे मी ओरडलो म्हणे. आयुष्यभर शाळेत मुलांवर ओरडण्यात गेलेला माणूस, त्यामुळे आवाज थोडा चढलाही असेल. पण वाचकहो, त्या ओरडण्यामागे एक इतिहास आहे. आज तोच आपल्याला सांगायचा आहे. आपल्या घरी सतार असो, तंबोरा असो, नातवाची गिटार असो, नाही तर आजोबांची हार्मोनियमची पेटी असो; लाकडाचे कोणतेही वाद्य असले, तर पुढील हकिगत आपल्या उपयोगी पडेल. आणि वाद्य नसले तरी दुसऱ्याची फजिती ऐकण्यात कोणाला गोडी वाटत नाही?

आमचे गाव आणि आमचा तंबोरा

उचगाव म्हटले की पुष्कळांना बेळगावजवळचे, मळेकरणी देवीचे उचगाव आठवते. आमचे ते नव्हे. आमचे उचगाव कोल्हापूरला खेटून, करवीर तालुक्यातले. पुण्याहून बंगळूरकडे जाणारा हमरस्ता गावाजवळून जातो आणि शेजारी गांधीनगरची कापडाची मोठी बाजारपेठ आहे. ज्या वळिवड्याच्या माळावर ती वसली, तिथे 1943 पासून 1948 पर्यंत पोलंडमधून परागंदा झालेल्या सुमारे पाच हजार माणसांची छावणी होती. पुढे तिथे सिंधी निर्वासित आले. माझे वडील गमतीने म्हणत, "आमच्या शेजाराला पोलिश आधीपासूनच आहे, घरात वेगळे कशाला?" वडिलांचा विनोद बेताचाच होता, पण तंबोऱ्याच्या बाबतीत मी तो मनावर घेतला असता तर फार बरे झाले असते.

तंबोरा आत्याचा. 1961 साली तिने मिरजेला जाऊन स्वतःच्या पैशांनी तो आणला. मुलीने शिकवणीच्या चार पैशांतून तंबोरा घ्यावा, ही त्या काळी आमच्या भावकीत चर्चेची गोष्ट होती. कोल्हापूरच्या गायन समाज देवल क्लबात ती गाणे ऐकायला जाई. ही संस्था 1883 सालची. ज्या शहरात शाहू महाराजांच्या आश्रयाने अल्लादियाखाँसाहेब राहिले आणि गायले, त्या शहराच्या हवेतच काहीतरी असावे. कारण आत्या मोठी गायिका झाली नाही, तरी साठ वर्षे रोज पहाटे षड्ज लावल्यावाचून तिने चहा घेतला नाही.

साठ वर्षांत त्या तंबोऱ्याच्या दांडीवर एक जागा तयार झाली होती. बसून तंबोरा उभा धरला की मधले बोट आणि तर्जनी तारांवर फिरतात आणि अंगठा दांडीच्या कडेला टेकतो. नेमक्या त्या ठिकाणी, रुपयाएवढ्या जागेत, लाखेची लाल झिलई झिजून आतले लाकूड मधासारखे दिसू लागले होते. बाकीचा तंबोरा काळपट तांबडा, आणि तिथे तेवढा उजेड.

माझा पराक्रम

2020 साल कोणीच विसरणार नाही. दारात सॅनिटायझरची बाटली, खिशात सॅनिटायझरची बाटली, आणि कोणी शिंकले तरी हात बाटलीकडे. आत्या तेव्हा ऐंशीची. तिला जपायचे म्हणून घरातील प्रत्येक वस्तू पुसून घेण्याचे खाते मी माझ्याकडे घेतले होते. एके दिवशी तंबोऱ्याच्या तारा कोणीतरी बदलून दिल्या. तो माणूस निघून जाताच मी सॅनिटायझर फडक्यावर ओतले आणि तंबोऱ्याची दांडी वरपासून खालपर्यंत चोळून पुसली. फडके लालसर झाले. मला वाटले, किती हा मळ!

संध्याकाळी आत्या तंबोऱ्याशी बसली. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. दिसत होते ते अंधुक. पण दांडीला हात लावताच तिने तो झटकन मागे घेतला.

"आरं, ह्याला काय लावलंस?"

बोटे चिकटत होती. दांडीवर माझ्या फडक्याचे फराटे उमटले होते आणि त्यात धूळ बसली होती. जागोजागी पांढरट डाग पडले होते. मी काही न बोलता तंबोरा उचलून आतल्या खोलीत नेला. आणि मग, एक चूक झाकायला माणूस दुसरी करतो त्या नियमाने, मोटारीला लावायचे चकाकी आणणारे पॉलिश आणून दांडीवर घासले. दोन दिवस दांडी आरशासारखी चमकली. तिसऱ्या दिवशी दिसले की कडांवरची झिलई पार उडाली आहे, आणि उरलेल्या भागावर एक तेलकट थर बसला आहे. तो साबणानेही जाईना.

आत्या रागावली नाही. ती रागावली असती तर बरे वाटले असते. तिने फक्त पहाटे बसणे सोडले. घरात पहाटेचा षड्ज थांबला, आणि एखाद्या घरातले घड्याळ बंद पडावे तसे आम्हां सर्वांना वाटू लागले.

लाख म्हणजे काय चीज आहे

फेब्रुवारी 2021 मध्ये पुतण्याच्या गाडीत मागची बैठक पाडून, गोधडीत गुंडाळलेला तंबोरा निजवून मी मिरजेला निघालो. हातकणंगले गेले, जयसिंगपूर गेले, अंकलीच्या पुलावर कृष्णामाई ओलांडली, की मिरज आलेच. तिथल्या सतारमेकर गल्लीत पाऊल टाकले की रंधा, कानस आणि मधूनच एखादी छेडलेली तार यांचे आवाज कानी पडतात. स्पिरिटचा वास येतो आणि भिंतीला ओळीने टांगलेले भोपळे दिसतात.

मिरजेच्या या कलेचा उगमच मुळी झिलईत आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला, पटवर्धन संस्थानिकांच्या काळात, येथे फरीदसाहेब शिकलगार आणि त्यांचे भाऊ यांनी तंतुवाद्ये बनवायला प्रारंभ केला. शिकलगार म्हणजे तलवारी-कट्यारींना धार आणि चकाकी देणारा. फारशी-अरबीत 'सैकल' म्हणजे झिलई. तीच करणारा तो शिकलगार. तलवारींचे दिवस सरले आणि त्याच हातांनी सतारीचे लाकूड उजळले. आडनाव 'सतारमेकर' झाले. पुढे किराणा घराण्याचे अब्दुल करीमखाँसाहेब मिरजेत स्थायिक झाले. 1937 साली त्यांचे निधन झाले आणि मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात ते विसावले. दर वर्षी उरुसात तिथे गवई हजेरी लावतात. गवई आणि कारागीर एकाच गावात नांदू लागल्यावर वाद्याला सूर मिळाला नसता तरच नवल!

मी एका कारखान्यात शिरलो. कारखाना म्हणजे दहा बाय पंधराची खोली. सत्तरीचे एक चाचा मांडीवर भोपळा घेऊन बसले होते. मी तंबोरा त्यांच्यापुढे ठेवला आणि अपराध्यासारखा सर्व कबुलीजबाब दिला. त्यांनी दांडीवर नखाने हलकेच ओढले, बोट नाकाशी नेले, आणि हसले.

"गुरुजी, तुम्ही लाखेला दारू पाजलीत. ती बिचारी वितळणार नाय तर काय करणार?"

हे त्यांचे वाक्य म्हणजे सगळ्या शास्त्राचे सार आहे. लाख ही एका चिमुकल्या किड्याने निर्माण केलेली राळ. पळस, बोर, कुसुम अशा झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर हे किडे हजारोंनी बसतात, रस शोषतात आणि अंगातून पाझरणाऱ्या राळेचे कवच स्वतःभोवती करतात. फांद्या खरवडून, ती राळ धुऊन, वितळवून, पातळ पापुद्रे ओढले की चपडी लाख तयार होते. झारखंड हे या पिकाचे माहेर. रांचीजवळ नामकुम येथे 1924 पासून लाखेवर संशोधन करणारी सरकारी संस्था आहे. पांडवांसाठी दुर्योधनाने रचलेले लाक्षागृह आपल्याला ठाऊकच आहे. सीलबंद पत्राला आपण लाखोटा म्हणतो, तोही या लाखेवरूनच. बांगड्यांत ती आहे, औषधाच्या कित्येक गोळ्यांच्या चकचकीत आवरणात ती आहे. एवढेच काय, विनाइलच्या तबकड्या येण्यापूर्वी ग्रामोफोनच्या तबकड्यांतही दगडाच्या भुकटीला बांधून ठेवणारी लाखच असे. म्हणजे पाहा, खाँसाहेबांचा आवाज 1930 च्या दशकात ज्या तबकडीवर कोरला गेला तिच्यात लाख, आणि मिरजेच्या तंबोऱ्यांच्या अंगावरही लाख!

लाखेचा गुण असा की ती पाण्यात विरघळत नाही, पण मद्यार्कात सहज विरघळते. म्हणूनच कारागीर चपडी लाख स्पिरिटमध्ये भिजवून तिचे पॉलिश करतो. स्पिरिट उडून जाते, लाख मागे राहते. सॅनिटायझरमध्ये सत्तर-ऐंशी टक्के मद्यार्कच असतो. मी पुसत होतो तो मळ नव्हता. साठ वर्षांपूर्वी एका कारागिराने चढवलेली झिलई मी फडक्यावर उतरवून घेत होतो. अत्तर, आफ्टरशेव्ह, स्पिरिटचा बोळा, सांडलेले मद्य, हे सारे लाखेचे वैरी आहेत.

पाणी तिला विरघळवत नसले तरी फार वेळ साचून राहिले तर पांढरा डाग पाडते. उष्णतेने ती मऊ होते. म्हणून उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत वाद्य ठेवू नये, गरम चहाचा कप त्यावर ठेवू नये. असला कप ठेवणारा मनुष्य आपल्या घरी नाही असे आपणांस वाटत असेल, तर दिवाळीचे पाहुणे येऊन जाऊ द्या.

लाकडाला भूक लागत नाही

"आणि हे वर काय चोळलंय?" चाचांनी विचारले. मी मोटारीच्या पॉलिशचे सांगितले. त्यांनी कपाळाला हात लावला नाही. पण नजर लावली.

मोटारीच्या अशा पॉलिशमध्ये बहुधा दोन गोष्टी असतात. एक, अतिशय बारीक घासणारी पूड. मोटारीच्या जाड, कठीण रंगाला ती सोसते, पण लाखेचा थर कागदासारखा पातळ, तो कडांवर लगेच उडतो. दुसरी, सिलिकोन. हे सिलिकोन पृष्ठभागावर असा पडदा धरते की त्यावर नवी लाख बसतच नाही. ती फाटते आणि माशाच्या डोळ्यासारखे गोल खळगे उमटतात. घरातल्या फर्निचरवर फवारायच्या कित्येक चकाकीच्या डब्यांतही ते असते. म्हणून वाद्यासाठी काही विकत घ्याल तर त्यात सिलिकोन नाही ना, हे आधी वाचून घ्यावे.

मी धीर करून विचारले, "पण चाचा, लाकडाला तेल-पॉलिश लावून खाऊ घालावं लागतं म्हणतात, ते?"

"लाकडाला भूक लागत नाय, गुरुजी. झाड तोडलं तेव्हाच त्याचं जेवण संपलं. झिलई म्हणजे अंगावरचा सदरा. सदरा जपायचा, लाकडाला भरवायचं नाय."

किती सरळ उत्तर! झिलईचे काम तीनच: घाम-मळ आत जाऊ न देणे, ओरखड्यांपासून बचाव करणे, आणि हवेतली ओल लाकडात एकदम शिरू किंवा निघू न देणे. ती ओल पूर्णपणे रोखणारी झिलई जगात नाही. म्हणून आमच्या कोल्हापूरच्या पावसाळ्यात तंबोरा सर्दी झाल्यासारखा बोलतो आणि मार्च-एप्रिलात लाकूड आकसून खुंट्या सैल होतात. त्यावर इलाज पॉलिशचा नाही. वाद्य गवसणीत ठेवावे, बाहेरच्या भिंतीला टेकवू नये आणि पंख्याच्या झोतात ठेवू नये.

मेणाचे काम याहून वेगळे. मेण हे झिलईवरची ओढणी. मधमाशीचे मेण सुमारे 62 ते 64 अंश सेल्सिअसला वितळते. ते मऊ असते आणि चमक मंद, डोळ्यांना सुखावणारी देते. ब्राझीलमधील एका ताडाच्या पानांवरून मिळणारे कार्नोबा मेण 80 अंशांच्या पुढे वितळते. ते कठीण आणि जास्त चमकदार. बाजारातील पुष्कळ चांगल्या मेणांत या दोहोंचे मिश्रण असते. घाम येणाऱ्या हाताच्या माणसाला मेणाचा फार उपयोग. कारण घामाचे मीठ झिलईवर न बसता मेणावर बसते आणि फडक्याने निघून जाते. पण हे मेण वर्षातून एकदा, फार तर दोनदा लावायचे. महिन्या-महिन्याला लावले तर थरावर थर चढतो, त्यात धूळ रुतते आणि वाद्य मेणचट दिसू लागते.

बोळ्याची करामत

चाचांनी तंबोरा ठेवून घेतला. "तीन आठवडे लागतील," म्हणाले. मी म्हटले, "एवढे?" ते म्हणाले, "दोन दिवसांत तुम्ही जे केलंत, ते निस्तरायला तीन आठवडे म्हणजे स्वस्तच की!"

मला त्या तीन आठवड्यांत दोनदा मिरजेला जाण्याचा योग आला. योग कसला, काळजीने जीव राहीना म्हणून गेलो. त्यामुळे काम पाहायला मिळाले.

प्रथम त्यांनी टर्पेंटाइनने दांडी पुन्हापुन्हा पुसली. टर्पेंटाइन मेण आणि तेलकटपणा काढते, पण वाळलेल्या लाखेला धक्का लावत नाही. प्रत्येक वेळी फडक्याची नवी बाजू. कारण तीच बाजू फिरवली तर काढलेले पुन्हा लावल्यासारखे होते. मग अगदी बारीक पॉलिशपेपर, तोही एका बोटाने. नंतर काचेच्या बरणीतून गाळलेली लाख काढली. बरणी काचेची का, तर लोखंडी भांड्यात लाख काळवंडते. शिवाय ती ताजी हवी. स्पिरिटात भिजवून वर्षभर ठेवलेली लाख लावली तर नीट सुकतच नाही, चिकट राहते. चाचा आधी काचेच्या तुकड्यावर थेंब टाकून पाहात. रात्रीतून टणक झाला तरच ती वाद्यावर.

मग बोळा. आत कापूस, बाहेर जुन्या मलमलीचे कापड, शंभरदा धुतलेले. नव्या कापडाचे तंतू निघतात. बोळ्यात लाख मुरवायची, टोकाला तेलाचा एक थेंब लावायचा म्हणजे बोळा ओढत नाही, आणि मग गोल-गोल, मराठी चारच्या आकड्यासारखे वळसे घेत फिरवायचा. मुख्य नियम एकच: बोळा पृष्ठभागावर थांबता कामा नये. थांबला की खालची ओली लाख उचलली जाते. विमान जसे धावपट्टीवर उतरते आणि पुन्हा उडते, तसा चाचांचा हात एका बाजूने अलगद येई आणि दुसऱ्या बाजूने निघून जाई. एक थर डोळ्यांना दिसतही नाही. असे कितीतरी थर, आणि मधे विश्रांती.

"पावसाळ्यात हे काम करत नाय," ते म्हणाले. स्पिरिट उडताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतली ओल त्यावर बसते आणि झिलई पांढरी पडते. म्हणून पाऊस सरल्यावरची कोरडी हवाच या कामाला उत्तम.

या लाखेच्या झिलईचा एक थोर गुण मला त्या दिवशी कळला. नवी लाख जुन्या लाखेला लागली की तिच्यातले स्पिरिट जुना थर किंचित विरघळवते आणि दोन्ही एक होतात. जोड राहात नाही. म्हणून साठ वर्षांची झिलईसुद्धा दुरुस्त होऊ शकते. कारखान्यांत फवारली जाणारी पॉलियुरेथेनची झिलई हिच्यापेक्षा कितीतरी कठीण, सॅनिटायझरलाही पुष्कळ अंशी दाद न देणारी. पण ती एकदा उडाली की नवा थर जुन्यात मिसळत नाही, ठिगळ दिसते. जी चटकन दुखावते तीच चटकन सांधते, असा हा लाखेचा स्वभाव. आमच्या आत्यासारखाच म्हणा ना!

अंगठ्याची जागा

दुसऱ्या खेपेला चाचांनी मला जवळ बोलावले आणि दांडीवरच्या त्या रुपयाएवढ्या जागेवर बोट ठेवले.

"गुरुजी, एक विचारायचंय. ही जागा भरून घेऊ? रंग मिळवून लाख चढवली तर तंबोरा नव्यासारखा होईल. कुणाला कळणार नाय."

मी चटकन हो म्हणणार होतो. माझ्या हातून झालेल्या नुकसानीची भरपाई करण्याची केवढी संधी! तंबोरा नवाकोरा करून आत्यापुढे ठेवावा. पण तोंडातून शब्द निघेना. मी बाहेर जाऊन घरी फोन लावला. आत्याला सर्व समजावून सांगितले. ती थोडा वेळ गप्प राहिली.

मग म्हणाली, "मला दिसत न्हाई रं नीट आता. तंबोरा घेतला की अंगठ्याला ती जागा लागते, तवा कळतं बरोबर बसलोय म्हणून. ती भरली तर मी कुठं शोधू? माझा अंगठा ऱ्हाऊ दे."

मी आत येऊन चाचांना तसेच सांगितले. ते काही बोलले नाहीत. त्या जागेच्या कडा तेवढ्या त्यांनी अलगद बंद केल्या, म्हणजे झिलई पुढे सोलटू नये, आणि उघड्या लाकडावर मधमाशीच्या मेणाचा एक हात फिरवून कोरड्या मलमलीने पुसून काढला. मजुरी घेताना म्हणाले, "आमच्या वडिलांच्या वेळचं काम वाटतंय हे. जुनं वाद्य नवं करून मागणारे लई येतात. जुनं जुनंच ठेवून मागणारे कमी."

तंबोरा घरी आला त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे मी अंथरुणात जागा होतो. आतून खुंटी पिळल्याचा आवाज आला. मग पंचम, मग जोडाच्या तारा, मग खर्ज. अंगठा आपल्या जागी बसला होता.

गिटारचे काय?

आता पुतणीच्या बाटलीकडे वळू. नाहीतर ती म्हणेल, काकांनी माझे काम बाजूलाच ठेवले. तिला मी जे सांगितले तेच आपल्यालाही सांगतो.

पहिली गोष्ट, वाद्याच्या अंगावर कोणती झिलई आहे हे आधी विचारून घ्या. हाताने घडवलेल्या चांगल्या स्पॅनिश गिटारींवर अजूनही पुष्कळदा लाखेचेच पॉलिश असते. त्यांना मिरजेच्या तंबोऱ्याचे सारे नियम लागू. 1920 च्या दशकात मोटारींसाठी नायट्रोसेल्युलोजचे लॅकर निघाले आणि ते गिटारींवरही आले. जुन्या अमेरिकन गिटारी बहुधा याच झिलईच्या. हिला रबर आणि मऊ प्लॅस्टिक वर्ज्य. रबरी स्टँडवर महिनोन्‌महिने ठेवली तर तिथे डाग पडतो. आणि हल्लीच्या कारखान्यातल्या बहुतेक गिटारी पॉलिएस्टर वा पॉलियुरेथेनच्या. त्यांना फारसे काही लागत नाही. वाजवून झाल्यावर मऊ कोरड्या फडक्याने पुसा. मळ चिकटला असेल तर फडके जरासे ओले करा आणि लगेच कोरड्याने पुसा. वर्षातून एकदा गिटारसाठीचे सिलिकोनविरहित पॉलिश किंवा मेण पुरे.

दुसरी गोष्ट, मंद, चकाकी नसलेल्या झिलईच्या गिटारीला पॉलिश घासू नका. घासाल तिथे ती चमकेल आणि गिटारीच्या अंगावर ठिगळे दिसतील.

तिसरी, जिथे लाकूड तडकले असेल तिथे पॉलिश किंवा मेण मुळीच जाऊ देऊ नका. ते भेगेत शिरले की पुढे सरस धरत नाही, आणि साधे काम कारागिरासाठी दुप्पट होते.

चौथी, बोटे फिरतात ती शिसवीची वा आबनुसाची पट्टी बहुधा झिलईविना असते. तिला पॉलिश नको. तारा बदलताना वर्षातून एखाद्या वेळी खनिज तेलाचे दोन थेंब लावून लगेच पुसून घ्यावे. तंबोरा-सतारीची घोडी तर देवघरातल्या देवासारखी. तिच्यावर जवारी काढलेली असते, तिला तेल-मेण लागले तर सूर मुका होतो. तिला फक्त जवारी काढणाऱ्याचाच हात लागावा.

पाचवी, घरीच मेण करायचे असेल तर शुद्ध मधमाशीचे मेण किसून त्याच्या दोन-तीन पट टर्पेंटाइनमध्ये विरघळवावे. पण सांभाळून! टर्पेंटाइन पेट घेते. ते चुलीवर किंवा गॅसवर कधीही ठेवू नये. मेण गरम पाण्याच्या भांड्यात दुसरे भांडे ठेवून वितळवावे, विस्तव बंद करावा, आणि मगच खिडक्या उघड्या टाकून त्यात टर्पेंटाइन मिसळावे. लावताना बोटाच्या टोकावर मावेल एवढेच घ्यावे, दहा मिनिटे थांबावे आणि फडक्याने काढून टाकावे. "लावलेले सगळे पुसून टाकायचे, तर लावायचे कशाला?" असे पुतणीने विचारले. उरते तेवढेच हवे असते म्हणून, असे मी सांगितले.

हातांचे काय?

एक गोष्ट मनात राहते. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. म्हणजे मिरजेत, मिरजेच्या पद्धतीने घडलेल्या वाद्यालाच ते नाव लावता येईल. वाचून फार आनंद झाला. पण चाचांच्या त्या खोलीत बोळा फिरवायला त्यांच्याशिवाय दुसरे कोणी नव्हते. बटण दाबले की सूर धरणारी विजेची तंबोरापेटी निघून चाळीस वर्षे उलटली आणि आता तर तंबोरा मोबाइलमध्ये वाजतो. त्याला ना खुंट्या, ना झिलई, ना पावसाळ्याची सर्दी. सोय मोठी आहे, मी तिला नावे ठेवीत नाही. पण त्या पेटीवर साठ वर्षांत अंगठ्याची जागा तयार होत नाही. आणि मानांकनाचा कागद भिंतीवर लावता येतो. न थांबणारा हात कोणाला तरी कोणापाशी बसूनच शिकावा लागतो.

पुतणीने परवा सगळे ऐकून घेतले. मग आपल्या गिटारीला कोरडे फडके मारले आणि बाटली तशीच कपाटात ठेवली. नंतर आत्याजवळ जाऊन म्हणाली, "आत्याआजी, तंबोरा पुसू का? नुसता कोरडा?"

आत्याने आपल्या जुन्या नऊवारीचा एक मऊ तुकडा तिच्या हाती दिला, तिचा हात धरून दांडीवर टेकवला आणि म्हणाली, "पूस. पर हितं हलक्या हातानं हं."

मग पोरीचा अंगठा त्या जागेवर ठेवून तिने विचारले, "लागली का जागा?"